मत सारखे, पत वेगळी

निवडणूक आली की वस्तीत एकच बोलणे ऐकू येते : "कुणालाही मत द्या, आपला नळ कोरडाच!" नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर हे म्हणतो, धुणीभांडी करणारी भगिनीही म्हणते. हा राग खोटा नाही. पण तो वाया जातो, हे दुःख आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर मिटवली नाही तर पिचलेले लोकच लोकशाही मोडून टाकतील, असे त्यांनी बजावले होते.

आज काय चित्र आहे? वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाची सुमारे ४० टक्के संपत्ती होती. हाच पैसा निवडणुकीत उतरतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ मध्ये ४० लाखांची खर्चमर्यादा ठरली. पक्षाच्या प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. २०१८ साली निवडणूक रोखे आले. कुणी कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदाराला कळत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली.

मग चिडलेला मतदार 'नोटा' दाबतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, मते २७ हजारांवर! तरी निकालात काही फरक पडला नाही, कारण विधानसभेला 'नोटा'ची मते फक्त मोजली जातात. दुसरा मतदार घरीच बसतो. त्याने तर पैसेवाल्याचेच काम सोपे होते. मतदान जितके कमी, तितकी थोडी मते विकत घेऊन भागते.

बंधू-भगिनींनो, एक साधन आपल्या हाती आहे. न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. उभ्या असलेल्या आमदाराचे मागचे आणि आताचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. पाच वर्षांत त्यांची मालमत्ता किती वाढली आणि आपल्या वस्तीत किती कामे झाली, हे एका कागदावर लिहा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो कागद विहारात सर्वांसमोर वाचून दाखवावा. उमेदवार मते मागायला आला की तोच कागद त्याच्यापुढे धरा, उत्तर घ्या, आणि मगच मत कुणाला ते ठरवा.