फोटोंचे कपाट आणि रस्त्याकडचे दार

पूर्वी घरातले फोटो लोखंडी कपाटात, पैठणीच्या घडीखाली, काळ्या पानांच्या अल्बममध्ये सुखाने नांदत. मग ते फोनमध्ये गेले, फोनमधून गूगलकडे गेले. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट जागा संपली, आणि ‘आपले फोटो आपल्याच घरी का असू नयेत?’ असे हौशी मंडळींना वाटू लागले.

नाहूरला आमच्या शेजारच्या काकांनी असाच घाट घातला. जुना लॅपटॉप, एक मोठी डिस्क आणि इमिच नावाची मोफत प्रणाली, झाले कपाट! आता जर्मनीतल्या लेकीला ते दिसायचे कसे? राउटरमध्ये पोर्ट उघडा, असा सल्ला लगेच मिळतो. म्हणजे घराच्या भिंतीला रस्त्याकडून दार पाडायचे. वाचकहो, त्या दाराशी लेकीच्या आधी चोर पोचतो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते एका संगणकावरून पाऊण तासात ठोठावून होतात, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ सालीच दाखवले. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’वाल्यांनी क्यूनॅपच्या, असे दार उघडे असलेल्या साठवण-यंत्रांतल्या फायलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. बारशाचे फोटो ओलीस!

गंमत म्हणजे आपल्याकडे हे दार पुष्कळदा उघडतच नाही. पत्ते अपुरे, म्हणून कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. चाळीला एकच टपालपेटी असावी तसे. काका यावर वैतागले. मला विचाराल तर बरेच झाले! पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळतो. राउटरची फायरवॉल चालू आहे ना, हे पाहावेच.

खरा उपाय वायरगार्डचा. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ओळखीची किल्ली नसलेल्याने कितीही ठोठावले तरी तो ‘कोण आहे?’ असेसुद्धा विचारत नाही; घर रिकामेच वाटते. त्यावरच उभारलेले टेलस्केल चाळीच्या टपालपेटीमागूनही चालते. लेकीच्या फोनवर ते एकदा बसवायचे. फोन हरवला तर तेवढ्याच फोनची किल्ली रद्द करायची. टेलस्केलच्या खात्याला मात्र दुहेरी पडताळणी हवी, नाहीतर किल्ल्यांचा जुडगाच चोराच्या हाती. राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे आणि प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करणे, हे ओघाने आलेच.

चोर टळला तरी डिस्क मरते, पाणी शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, एरवी वायर काढून ठेवलेली. आणि एक दुसऱ्या गावी, कुलूपबंद करून. काकांनी ती डोंबिवलीला बहिणीकडे ठेवली आहे. दर दिवाळीला ते तिच्यातले दोन-चार फोटो उघडून पाहतात.

काकूंचा प्रश्न मात्र वेगळाच होता : “तुम्हाला काही झालं, तर मी हे उघडायचं कसं?” काकांनी त्याच रात्री सारे पासवर्ड कागदावर लिहिले आणि पाकीट काकूंच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवले.