हिमाचा वास, मेणाचे रेणू

हिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला: थंडीचा वास बाटलीत कसा भरतात? प्रश्नच अवघड. गारठ्यात रेणू हवेत कमी उडतात, त्यामुळे सगळेच वास मंदावतात. मेन्थॉलने नाकात जाणवणारा गारवाही खरं तर गंध नव्हे, चेहऱ्यातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूची ती फसगत. मग सुगंधकारानं काय करायचं?

यावर सर्वांत गाजलेलं उत्तर एर्नेस्त बो याचं. १८८१ साली मॉस्कोत जन्मलेला हा माणूस झारच्या दरबाराला सुगंध पुरवणाऱ्या राले कंपनीत तयार झाला. रशियातल्या यादवीच्या काळात तो उत्तरेकडे लष्करात होता. तिथून फ्रान्सला आला आणि कोको शनेलसमोर त्यानं नमुने मांडले, १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे. तिनं पाचवा उचलला. १९२१चा ‘शनेल नंबर ५’ तो हाच.

मला मात्र कोकोपेक्षा अल्डिहाइडांनी धरून ठेवलं. नंबर ५मधली अल्डिहाइडं म्हणजे १०, ११, १२ कार्बनच्या साखळ्या. १० कार्बनचं डेकॅनाल आपल्या ओळखीचं आहे: संत्र्याच्या सालीत असतं, कोथिंबिरीतही. पण शुद्ध अल्डिहाइडाची बाटली थेट नाकाशी नेली, तर नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीसारखा, मेणचट दर्प येतो. तेच नेमक्या प्रमाणात चमेली-गुलाबात मिसळलं, की फुलांचा जडपणा जातो आणि सगळं मिश्रण पांढरं, धुतलेलं, गार वाटू लागतं. मेणातून हिम काढायची ही करामत मला अजूनही चक्रावून टाकते.

या ताजेपणाचं मूळ बोनं पुढे स्वतः सांगितलं: ध्रुववृत्तापलीकडे, मध्यरात्रीच्या सूर्याच्या दिवसांत तळ्या-नद्यांवरून येणारा वास. म्हणजे उन्हाळाच की! जाहिराती आणि चरित्रं मात्र या सुगंधात बर्फ पाहतात.

त्याहून मोठी पंचाईत पुढे आहे. बोनं रालेसाठी महायुद्धाआधीच केलेला एक सुगंध नंतर ‘राले नंबर १’ या नावानं विकला गेला. २००७ साली रसायनतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना छापली, तेव्हा रचना सख्ख्या भावंडांसारखी निघाली आणि अल्डिहाइडंही त्या जुन्या सुगंधात होतीच. म्हणजे ढाचा आधीचा, उत्तरेची आठवण नंतरची. ती आठवण खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण पाककृती तिच्यातून जन्मली, हेही मला पटत नाही. शिवाय त्याच उत्तरेत श्वेत समुद्रातल्या मुद्युग बेटावर बोल्शेविक कैद्यांची छावणी होती आणि बो तिथे चौकशीच्या कामावर होता. ताज्या पाण्याच्या गोष्टीत ही छावणी कधी येत नाही.

बाटलीतलं हिमही टिकाऊ नाही. अल्डिहाइडांना हवा लागली, की ऑक्सिडेशन होऊन त्यांची आम्लं बनतात. जुन्या बाटलीत सर्वांत आधी वरचा ताजा थरच बिघडतो. व्हर्सायच्या ‘ओस्मोतेक’ या संग्रहालयात म्हणूनच सुगंध आर्गॉन वायूखाली, १२ अंशांवर ठेवतात. बरं, मूळ सूत्र हाती घेऊन पुन्हा करावं म्हटलं, तरी अडचण आहेच. जुन्या सुगंधांतल्या काही नायट्रो-कस्तुरींवर, म्हणजे कृत्रिम कस्तुरीगंधांवर, आता बंदी आहे, काहींवर निर्बंध आहेत. चमेलीच्या अर्काच्या प्रमाणालाही अ‍ॅलर्जीच्या धास्तीनं मर्यादा घातली आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास शहराजवळ पेगोमासला शनेलसाठी चमेलीची शेती अजून होते, पण फुलं हातानंच खुडावी लागतात, तीही पहाटेपासून, ऊन चढायच्या आत.