वाढीचं जनुक एकच नसतं

रोहूच्या गुणसूत्रांच्या 25 जोड्या. त्यांत माशाचं वजन ठरवणारं जनुक नेमकं कुठे आहे? गेल्या काही दशकांत मत्स्यजनुकशास्त्रातले अनेक नकाशे याच प्रश्नापायी तयार झाले. त्यांतून हाती आलेलं सर्वांत मोलाचं उत्तर, माझ्या मते, असं एकच जनुक नाही हे आहे.

काम चालतं असं: एका जोडीची शेकडो पिल्लं वाढवायची, प्रत्येकाचं वजन घ्यायचं, पराचा छोटा तुकडा कापून डीएनए काढायचा आणि कोणती जनुकीय खूण जड माशांत जास्त दिसते ते तपासायचं. रोगप्रतिकाराच्या बाबतीत या पद्धतीने कमाल केली. सॅमनची पिल्लं मारणाऱ्या आयपीएन विषाणूविरुद्धच्या प्रतिकाराचा बहुतांश आनुवंशिक फरक 26व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेत असल्याचं 2008-09च्या सुमारास स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवलं. त्या खुणेवरून निवडलेली अंडी बाजारात आली आणि नॉर्वेतल्या साथी झपाट्याने ओसरल्या.

वाढीचं तसं नाही. एका कुटुंबात ठळक दिसलेली जागा दुसऱ्या कुटुंबात सापडतच नाही. नमुना लहान असला की तिचा प्रभाव खऱ्यापेक्षा मोठा भासतो, हेही कारण. भूक, पचन, संप्रेरकं, स्नायू या सगळ्यांमागची अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. म्हणूनच 2001 साली म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी सुचवलेली वाट मला अधिक खरी वाटते: एकेक जागा शोधत न बसता हजारो खुणांचा एकत्रित हिशेब करायचा.

आपल्याकडची 'जयंती' रोहू तर अशा नकाशाविनाच घडली. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने 1992 साली काम सुरू केलं. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती यांचे मासे एकत्र आणले. पुढच्या पिढीसाठी मासे निवडायचे तर कोणता मासा कोणत्या कुटुंबातला हे कळावं लागतं, पण मत्स्यजिऱ्याला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना, खूण लावता येत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंब वेगळ्या तळ्यात वाढवायचं, बोटुकली पुरेशी मोठी झाली की तांदळाच्या दाण्याएवढी चिप तिच्या पोटात घालायची आणि मगच सगळ्यांना एकत्र सोडायचं. पण आधीच्या तळ्यांतला फरक वजनात उरतोच. पुढे पराच्या तुकड्यातल्या डीएनएवरून आईबाप ओळखता येऊ लागले, तेव्हा पिल्लं पहिल्यापासून एकत्र वाढवणं शक्य झालं. नकाशासाठी शोधलेल्या खुणांचा हा उपयोग मला फार मोठा वाटतो. 1997 साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'जयंती' शेतकऱ्यांना मिळाली. दर पिढीला वाढीत सरासरी 17 टक्क्यांच्या आसपास सुधारणा नोंदवली गेली.

ही कमाई हॅचरीत मात्र सहज वाया जाऊ शकते. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल यांनी 1990 साली कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं, की मोजक्याच प्रजनकांपासून बीज काढत राहिल्याने अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, वाढतं. आपल्या शेततळ्यांतही रोहू, कटला, मृगळची बोटुकली पोत्याच्या भावात तोलून घेतली जाते. तिचे आईबाप कोण, हे क्वचितच विचारलं जातं. माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की सुधारित बीज विकणाऱ्या प्रत्येक हॅचरीने प्रजनक कुठून आणि कधी आणले याची नोंद दाखवावी, आणि ते स्वतःच्याच तळ्यातून न निवडता मूळ केंद्रातून ठरावीक काळाने बदलावेत.