कुमुदाची ओळख

धारवाडच्या मराठी घरांतून तळ्यातल्या प्रत्येक फुलाला सरसकट कमळ म्हणण्याची चाल आहे. शेजारच्या कानडी घरात मात्र दोन स्वतंत्र शब्द नांदतात : तावरे आणि नैदिले. तावरे म्हणजे खरे कमळ, आणि नैदिले म्हणजे संस्कृत कवींची कुमुदे व उत्पले. या बाबतीत कानडी भाषा अधिक डोळस आहे, हे कबूल केले पाहिजे. हा भेद ओळखण्यास फुलाचीही वाट पाहावी लागत नाही. कमळाच्या पानाला चीर नसते, त्याचा देठ मधोमध जोडलेला असतो आणि मोठी पाने पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते व त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच प्रजातीत बसविले होते; आजचे वनस्पतिशास्त्र कमळाला काश्मीरच्या चिनाराचा जवळचा आप्त मानते!

कुमुदांतही पुन्हा दोन कुळी आहेत, एक उष्ण प्रदेशातील व दुसरी थंड प्रदेशातील. काश्मीरच्या सरोवरांत वाढणारे पांढरे कुमुद दुसऱ्या कुळीचे. त्याच्या पानाची कड सलग, गुळगुळीत असते. फूल बहुधा पाण्याला टेकून उमलते, आणि तेही केवळ दिवसा. आपल्याकडील तळ्यांतली कुमुदे पहिल्या कुळीची. त्यांची फुले बहुधा ताठ देठावर पाण्याच्या वर डोलतात. त्यांपैकी एक रात्री उमलते व दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते. चंद्रविकासी म्हणून कवींनी गौरविलेले कुमुद ते हेच. त्याच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, आणि पान उलटून बोट फिरविले तर खालची बाजू मखमलीसारखी लवदार लागते. दिवसा फुलणारे नीलोत्पल निराळे. त्याचे पान खालून गुळगुळीत असते, पण कड कधी नागमोडी, तर कधी जवळजवळ सलग. म्हणून केवळ कडेवरून निर्णय देणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. पान, फुलाची उंची आणि उमलण्याची वेळ ही तिन्ही एकत्र पाहावीत.

रंगाचीही साक्ष घेता येते. फ्रान्समधील लातूर-मार्लियाक याने एकोणिसाव्या शतकात थंड कुळीत गुलाबी, तांबडे, पिवळे असे अनेक संकर निर्माण केले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले गेले आणि पुढे चित्रकार मोने याच्या तळ्यात पोहोचले. निळा रंग मात्र त्याला साधला नाही. थायलंडमध्ये २००७ साली दोन कुळींच्या संकरातून तो साधला, परंतु अशी रोपे विरळाच. तेव्हा रोपवाटिकेत निळे फूल दिसले की ते उष्ण कुळीचेच समजावे.

खरा भेद चिखलाखाली आहे. थंड कुळीचे खोड आल्यासारखे आडवे सरकत जाते आणि बर्फाच्या थराखाली हिवाळा काढते. ते कुंडीच्या कडेला, वाढते टोक मध्याकडे करून लावावे लागते. मधोमध लावल्यास ते लवकरच कडेला जाऊन अडते. उष्ण कुळीचा कंद गोलसर असतो, तो मध्यभागी लावावा. हुबळी-धारवाडात पाणी गोठत नाही, म्हणून थंड कुळीचे रोपही येथे जगते. येथील कुमुदाचा वैरी उन्हाळा. तळे आटले की पाने करपून जातात, चिखलाला भेगा पडतात, आणि कंद आत निजून राहतो. पावसाने तळे भरले की त्यातूनच नवे पान वर येते. पण नेमक्या त्याच कोरड्या दिवसांत तळ्यांचा गाळ उपसला जातो. गाळ काढणे आवश्यकच असते. तथापि सर्व तळ एकदम खरवडला तर निजलेले कंद मातीबरोबर गाडीत भरले जातात. काठालगतचा एखादा पट्टा न उकरता ठेवला, किंवा सुपारीएवढ्या काळसर गाठी वेचून टाकीत जपल्या, तरी पावसाळ्यात तळ्याला पुन्हा बियाणे मिळते.