वर्मी लागणारी गोळी

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि नव्या शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो रायफलच्या कॅलिबरचा. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास, पर्यायाने गोळीची जाडी. या एका आकड्यावर विसंबणारा मात्र पहिल्याच पायरीवर फसतो. १८९५ सालचे .३०-३० विंचेस्टर, १९०६चे .३०-०६ स्प्रिंगफिल्ड, १९५२चे .३०८ विंचेस्टर आणि १९६३चे .३०० विंचेस्टर मॅग्नम ही चारही काडतुसे ०.३०८ इंच जाडीचीच गोळी झाडतात. फरक असतो तो मागे भरलेल्या दारूत आणि गोळीच्या वजनात. त्यामुळे नळीच्या तोंडाशी .३०-३०ची ऊर्जा सुमारे १,९०० फूट-पौंड भरते, तर मॅग्नमची ३,५००च्या घरात जाते. जाडी तीच, ताकद जवळपास दुप्पट. मग निवडीची कसोटी कोणती? माझ्या मते एकच: जनावर कमीत कमी वेदनेने मरावे. बाकी सारे हिशेब या कसोटीच्या पोटात येतात.

हरणाचे वर्म पुढच्या पायाच्या लगत मागे असते. हृदय आणि फुप्फुसे मिळून ती जागा जेमतेम वीतभर. गोळी तिथून आरपार गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांत जनावर पडते. त्यासाठी गोळीने आत शिरताच फुलायला हवे. न फुलणारी कठीण गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जखमी हरीण मैलभर धावते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनलेल्या फुलणाऱ्या गोळ्यांमुळे हा प्रकार जगभर बदनाम झाला आणि १८९९च्या हेग परिषदेने युद्धात तो निषिद्ध ठरवला. इंग्लंडचा १९९१चा हरीणविषयक कायदा मात्र रायफलसाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी सक्तीची करतो. सैनिकाला जायबंदी करून थांबता येते. हरणाला जायबंदी करून सोडणे हेच क्रौर्य. म्हणजे नळीच्या व्यासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गोळीची घडण महत्त्वाची.

यावर पहिला आक्षेप असा की, जड काडतूस घेतले तर नेम थोडा चुकला तरी निभावते. हा युक्तिवाद दिसायला दयाळू, पण उलटा पडणारा आहे. पोटात लागलेली मॅग्नमची गोळीही पोटातच लागलेली असते. तिने फुप्फुस फुटत नाही. शिवाय वाढत्या ताकदीबरोबर खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. .२४३ विंचेस्टरचा धक्का .३०-०६च्या साधारण निम्मा असतो. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी नकळत अंग चोरतो आणि नेम तिथेच बिघडतो. जड रायफलीने सराव करणेही नकोसे होते.

मग हलक्यात हलके काडतूस का नको? या बाजूने हमखास वॉल्टर बेल याचे नाव घेतले जाते. आफ्रिकेत त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बरेच ७ मिलिमीटरच्या साध्या मॉझर काडतुसाने. पण बेलने हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासली होती. ते कसब सामान्य शिकाऱ्याकडे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच कायदे किमान पातळी आखून देतात. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी किमान ०.२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. जर्मनीत छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरतात. लाल हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल हवेत. जर्मन नियम मला अधिक शहाणा वाटतो, कारण तो ताकद नळीशी मोजत नाही, जनावराजवळ मोजतो.

अंतराचा मुद्दा इथेच येतो. १०० यार्डांवर नेम बसवलेली .३०-३०ची गोळी २०० यार्डांवर सात-आठ इंच खाली उतरते. वीतभर वर्मासाठी ही चूक फार मोठी. .२४३ची १०० ग्रेनची गोळी तीन-चार इंचच उतरते आणि तिच्यात तेव्हाही सुमारे १,३०० फूट-पौंड शिल्लक असतात. म्हणून दाट जंगलात जवळून झाडणाऱ्याला जुने .३०-३० आजही पुरेसे आहे, मोकळ्या रानात .२४३ किंवा २००७चे ६.५ क्रीडमूर सोयीचे, आणि अधिक वजनाची गोळी हवी असेल व धक्का सोसत असेल त्याला .३०८. यापुढची ताकद या हरणाला लागत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली वाढलेला मराठी वाचक विचारील, मारायचेच तर दयेची भाषा कशाला? आपल्याकडे रान आणि जनावरे दोन्ही आटत असताना तो कायदा आवश्यकच होता. अमेरिकेची स्थिती निराळी आहे. १९००च्या सुमारास तिथे ही हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत, आणि पूर्वेकडच्या बहुतेक जंगलांतून लांडगा व प्यूमा नाहीसे झाले आहेत. रोपटी खाऊन जंगलाची नवी पिढीच खुंटवणाऱ्या या कळपांना कोणीतरी आवरावे लागते. पण गरज होती म्हणून वेदना क्षम्य ठरत नाही. काडतूस निवडताना शिकारी खरे तर स्वतःची मर्यादा निवडतो: एवढ्या अंतरापर्यंत, एवढ्या खात्रीने. हरीण त्या मर्यादेपलीकडे उभे असेल, तर चापावरचे बोट काढून घेणे हाही त्याच निवडीचा भाग आहे.