चेतकच्या हँडलखालचे छर्रे

आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ साली चेतक आणली; साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रियाही त्याच दशकातली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या कितीतरी नाशिककरांनी या दोघींवर नोकरी काढली. आता जुनी स्कूटर जपणाऱ्यांचा जीव इंजिनात आणि रंगात असतो. कोनसेट आठवतो तो गाडी डुलायला लागल्यावर.

फोर्कचा दांडा बॉडीच्या नळीत वर आणि खाली, दोन ठिकाणी छर्र्यांवर फिरतो. दोन्ही ठिकाणी समोरासमोर दोन वाट्या, मध्ये छर्रे आणि ग्रीस; हाच कोनसेट. खालच्या जोडीवर भार जास्त. त्यात चाक दहा इंची, म्हणजे खड्ड्यात ते जास्त खोल उतरतं आणि दणका वाट्यांवर येतो.

बहुतेक वेळ आपण सरळच चालवतो. त्यामुळे छर्रे वर्षानुवर्षं वाटीच्या त्याच जागांवर आदळत, थरथरत राहतात आणि तिथे बारीक खळगे पडतात. १९०० साली ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने कठीण गोळी धातूवर दाबून, उमटलेल्या खळग्याच्या मापावरून धातूचा कठीणपणा मोजायची रीत मांडली. अशा खळग्यांना इंजिनिअर त्याचंच नाव देतात. गॅरेजात ‘हँडल मध्ये अडकतंय’ म्हटलं तरी काम भागतं.

इथे पाना उचलून नट आवळणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. खळग्यात बसलेल्या छर्र्यांची खडखड थांबेल इतका नट आवळला, की वळताना ते काठावर चढतात आणि हँडल जड होतं. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकत राहते. दोष मात्र टायरला मिळतो!

तपासणी साधी आहे. पुढचं चाक उचलून धरा. हँडल बोटाच्या धक्क्याने दोन्हीकडे अलगद वळलं पाहिजे, मध्ये कुठेही न थबकता. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खट् वाजलं तर ढिलाई आहे. मध्ये थबकत असेल तर आवळाआवळ नकोच, वाट्या बदलायच्या. खालची वाटी नळीत घट्ट बसलेली असते. वरून लांब सळई घालून, फिरवत फिरवत ठोकून ती काढतात. फोर्क उतरवताना खाली कापड अंथरावं, नाहीतर सुटे छर्रे गॅरेजभर पळतात.

हल्ली काहीजण छर्र्यांच्या जागी टेपर रोलर बसवतात. रोलर बिंदूवर नाही, रेषेवर टेकतो, म्हणून खळगे उशिरा पडतात हे खरं. पण बेअरिंगची उंची थोडी जरी वेगळी असली तर वरच्या लॉकनटला आटे पुरत नाहीत. एवढ्या हलक्या गाडीला चांगल्या वाट्या आणि ताजं ग्रीस पुरेसं आहे, असं माझं मत.

नट बसवताना आधी बेताने आवळून मग किंचित सोडायचा. लॉकनट कसल्यावर पुन्हा हलवून पाहायचं, कारण त्याच्या दाबाने आधीचं माप बदलतं. नव्या वाट्या थोड्या चालवल्यावर बसतात आणि नट परत बघावा लागतो. त्यासाठी हेडलाइट काढून, केबली सैल करून हँडल पुन्हा उचलायचं. बरेच मालक इथेच कंटाळतात.