किल्ली देताना

सोलापुरात मित्राकडे गाडी मागणं ही काही मोठी गोष्ट मानली जात नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली, की पाहुण्यांना स्टँडवरून आणायला गाडी लागते. कुणाला तुळजापूरला दर्शनाला जायचं असतं, कुणाला रात्री दवाखान्यात डबा पोचवायचा असतो. "दोन तासांत आणून देतो," एवढं म्हटलं की किल्ली हातावर पडते. चिठ्ठी नाही, तारण नाही. हा विश्वास ही आपली श्रीमंतीच आहे. ती टिकावी म्हणूनच हे चार शब्द.

काही वर्षांपूर्वी एका मित्राने माझी मोटारसायकल नेली. संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा आरसा फुटला होता आणि मित्र खाली मान घालून उभा होता. गाडी त्याने नव्हे, अकरावीत शिकणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाने चालवली होती. सायकलवरून चाललेल्या एका आजोबांना धक्का लागला. गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावलं. आरशाचे पैसे मित्राने दिले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विश्वास मित्रावर टाकला होता. त्याच्या भावाच्या हाती गाडी जाईल हे माझ्या गावीही नव्हतं. आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर?

पुढे मी कायदा समजून घेतला. गाडी उसनी देता येते, जबाबदारी मात्र सगळी देता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हा मालकाचाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो.

"पण विमा आहे ना?" असं आपण म्हणतो. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली, तर थर्ड पार्टी विमा उपयोगी पडतो. परंतु चालकाकडे परवाना नसेल, तर जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय विमा कंपनीला देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एक दिलासाही दिला. परवान्याची अट मोडण्यात मालकाचा निष्काळजीपणा होता, हे कंपनीने सिद्ध करायला हवं. म्हणजे किल्ली देण्यापूर्वी परवाना पाहिलेला असणं फार मोलाचं ठरतं.

दुसरी बाब गाडी मागणाऱ्याच्या हिताची. उसनी गाडी चालवणारा हा मालकाच्याच जागी असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलं आहे. दुसऱ्या वाहनाचा दोष नसताना तो स्वतः पडला, तर त्या गाडीच्या विम्यापुरता तो तिऱ्हाईत ठरत नाही. आपल्या गाडीवर मित्र गेला आणि त्याच्या घरच्यांच्या हाती भरपाईच आली नाही, तर ती मैत्री कुठल्या तोंडाने सांगायची?

म्हणून परवाना विचारणं हा अविश्वास नव्हे. "कोण चालवणार?" हे विचारावं. विम्याची मुदत आधी आपणच तपासावी. मागचा ब्रेक उशिरा लागतो, हे न लपवता सांगावं. नेणाऱ्यानेही गाडी पुढे तिसऱ्याला देऊ नये, पेट्रोल भरून आणावं आणि ओरखडा उठला तर मालकाने पाहण्याआधी सांगावं.

तो मित्र आजही माझी गाडी नेतो. आता किल्ली मागण्याआधी खिशातला परवाना काढून माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "बघून घे. मीच चालवणार आहे." मीही तो नीट बघतो, आणि मगच किल्ली देतो.